चौथं बटण

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तुझा सुटलेला सोबती दुकानात येऊन हातात देऊन गेला, पाणीसुद्धा न पिता. आज शनिवार. चार दिवस उत्तर नाही म्हणून तू तिकडे दात-ओठ खात असशील, ते मला इथे बसून दिसतंय. आधी अक्षराचं सांगते. हे वाकडंतिकडं बघून घाबरू नकोस, मला झटकाबिटका काही आलेला नाही. डावा हात बांधलाय, म्हणून उजव्यानं लिहितेय. शाळेतल्या बाईंनी माझ्या डाव्या बोटांवर पट्टीच्या कडेनं मारून मारून जे साधलं नाही, ते आता या वयात जमायला लागलंय. हाताला काय झालं ते पुढे येईलच. मधलं सोडून आधी शेवट वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, या वेळी तेवढं करू नकोस. आणि माझं हे पत्र सरळ पोस्टानं येणार, म्हणजे तुझ्याआधी तुरुंगातला कारकून वाचणार. वाचू दे. त्यालाही माझं सांगणं आहे, बाबा रे, पाहिजे तर दोनदा वाच, पण एकही ओळ काळी करू नकोस.

तू तीन गोष्टी मागितल्यास. चौदा तारखेला सकाळी सुटतोयस, तर फाटकाबाहेर घ्यायला ये. येताना भिंगरीचं बटण घेऊन ये. आणि धारवाल्याची बायको हल्ली कुठं राहते, तो पत्ता काढून ठेव. तिसरी गोष्ट लिहिताना तू पेन इतकं दाबलंयस की कागद फाटलाय. नऊ वर्षं ती बाई तोंड मिटून बसली आहे, पण माझ्यासमोर पाच मिनिटं बसली की पोरीला कुठं पुरलं ते सांगेल, आणि ती नाही बोलली तर तिची मुलगी बोलेल, असं लिहिलंयस. तुला मी अंगाखांद्यावर वाढवलंय, तुझा राग मला नवा नाही. पण ते वाचलं आणि मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून खाली फरशीवर बसले. कारण तू नुसतं बोलत नाहीस. तू काय करू शकतोस ते मी पाहिलंय, आणि ते करायला तुला कुणी लावलं तेही मला माहीत आहे.

त्या दिवसाचं सगळं तुला पाठ आहे. तरी पुन्हा सांगते, कारण नऊ वर्षं आपण ते जसं सांगत आलो, तसं ते घडलं नव्हतं. तुझी बायको बाटल्यांच्या कारखान्यात दुपारपाळीला गेली की भिंगरी माझ्याकडे असायची. साडेचार वर्षांची. नाव आपण उगीच नव्हतं ठेवलं, उभी राहिली की गिरक्या घ्यायची, पडली की हसायची आणि उठून पुन्हा गिरक्या. माझ्या बेतायच्या टेबलाखाली तिचा संसार होता. बटणांचा डबा उपडा करायचा आणि वाटण्या करायच्या. दोन भोकांची बटणं घाबरट, चार भोकांची शहाणी. हिरवा स्वेटर विणला तेव्हा तिनं मला बजावलं होतं, आत्या, मला शहाणीच लाव. मी डब्यातली चार तपकिरी निवडून लावली. मग तो स्वेटर अंगातून निघेना. थंडी संपली, ऊन कडक झालं, तरी गळ्यापर्यंत चारही बटणं लावून पोरगी घामाघूम फिरायची. लावायची तीच, काढायलाही कुणाला देत नसे.

त्या शनिवारी माझ्याकडे बँडवाल्यांचे बावीस कोट होते, सोनेरी गोटवाले. बँडमास्तर दोन्ही हात पसरून उभा होता आणि मी त्याच्या काखेत टाचण्या खोचत होते. समोर भाजीवाल्याच्या दाराशी धारवाल्यानं चाक लावलं होतं. ठिणग्या उडायला लागल्या तशी भिंगरी टेबलाखालून बाहेर आली. बघायला जाऊ का म्हणून विचारलं. पायरीवरून बघ, खाली उतरू नकोस, असं मी तिला सांगितलं, हे मी पोलिसांत म्हणाले, कोर्टात म्हणाले, तुझ्या बायकोच्या पायाशी बसून म्हणाले. धाकट्या, माझ्या तोंडात सहा टाचण्या होत्या. तोंडात टाचण्या असताना कोण बोलतं? मी नुसती मान हलवली. वर बघितलंसुद्धा नाही. मास्तरचं पोट सुटलंय, शिवण उसवावी लागणार, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. दहा मिनिटांनी वर बघितलं तेव्हा पायरी रिकामी होती, आणि धारवालाही चाक खांद्यावर टाकून पुढच्या गल्लीत गेला होता.

त्यानंतरचे तीन तास मी तुला सांगायची गरज नाही. गटारांची झाकणं उघडलीस, पाण्याच्या टाकीत उतरलास, बर्फाच्या कारखान्यात लाद्या हलवून बघितल्यास. सहाच्या सुमारास तू आणि तुझ्या टायरच्या दुकानातले चौघं त्याला धरून माझ्या दुकानात घेऊन आलात. त्याच्याविरुद्ध काय होतं? तो गुरुवारी यायचा आणि त्या दिवशी शनिवार होता. तो फारसं बोलायचा नाही. आणि त्याच्याकडे सुऱ्या होत्या, ज्या धारवाल्याकडे असायच्याच. तुम्ही त्याचा खिसा माझ्या टेबलावर उलटा केलात. एक दगड, अर्धी विडी, किल्ली आणि एक तपकिरी बटण. चार भोकांचं. दोरा तुटून लोंबत होता.

माझी गाठ तुला माहीत आहे. मी डावखुरी. बटण लावल्यावर मी त्याच्या मानेभोवती दोऱ्याचे चार वेढे देते, ते उलटे पडतात, आणि गाठ बटणाच्या पोटात दडवते. बाकी सगळे शिंपी सुलटे वेढे देतात. या अख्ख्या गावात उलट्या वेढ्यांची बटणं माझी आणि फक्त माझी. मी ते बटण उचललं, उलटं केलं आणि म्हणाले, ही माझी गाठ आहे. एवढंच म्हणाले. कुणाच्या बटणाची, कुठल्या कापडावरची, कधी लावलेली, असलं काही माझ्या मनात आलंच नाही. माझी गाठ म्हणजे भिंगरीचा स्वेटर. सुतावरून स्वर्ग गाठणारे असतात, मी सुतावरून माणूस मारला.

हो, मी. पहिला घाव माझा होता. ते तू कोर्टात शेवटपर्यंत बोलला नाहीस, वकिलानं तुला खोदून खोदून विचारलं तरी. बँडच्या कोटांसाठी लावलेली इस्त्री गोंधळात बंद करायची राहिली होती, तापलेली, ती मी उचलून त्याच्या कानशिलावर घातली. कातडी चरचरली तो वास मला अजून येतो, थंडीत कुणाचा कोट दाबताना जास्तच. तो टेबलाच्या पायावर आपटला. मग तुझी टायर उचकटायची पहार. पहिल्या फटक्यात त्याचा गुडघा गेला, तो आवाज बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेला. मग सगळेच तुटून पडले. ज्यांनी त्याच्याकडून वर्षानुवर्षं सुऱ्या धार लावून घेतल्या ते भाजीवाले, न्हावी, शेजारचा छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारासुद्धा. कुणीतरी त्याचंच चाक आत आणलं, एकानं पाय मारून फिरवलं आणि दोघांनी त्याचा पंजा त्यावर दाबून धरला. पोरगी कुठंय, पोरगी कुठंय. बावीस कोटांच्या सोनेरी गोटावर रक्त उडालं. मी त्याच्या तोंडाशी वाकून किंचाळत होते, सांग म्हणून. जबडा फुटल्यानं त्याला शब्द उमटत नव्हता, तो मोडलेल्या हातानं आपल्या छातीवर थापट्या मारत होता. उजव्या बाजूला, पोटाच्या जरा वर, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. आपल्याला वाटलं, दया मागतोय. त्यामुळे आणखी चेव आला. पोलीस आले तोवर सगळं होऊन गेलं होतं.

तुला दहा वर्षं झाली, चांगल्या वागणुकीची सूट मिळून नऊ भरली. शिक्षा कमी झाली ती माझ्या साक्षीमुळे. पोरीचं बटण हातात आल्यावर बापाचं डोकं फिरणारच, असं न्यायाधीश म्हणाले. पण साक्षीतली एक गोष्ट तुला मागच्या बाकावरून दिसली नव्हती. धारवाल्याची बायको पहिल्या दिवसापासून सांगत होती की ते बटण त्याच्या कोटाचं आहे. आपण सगळे म्हणत होतो, बायको दुसरं काय सांगणार. तिनं तो कोट कोर्टात आणला होता. शिपायानं तो माझ्यासमोर धरला, निळा, जाड लोकरीचा. वकिलानं विचारलं, हा तुम्ही शिवलाय का. मी म्हणाले, नाही, या माणसाचं मी कधी काही शिवलं नाही. ते खरंच होतं. मग त्यांनी विचारलं, हातात घेऊन बघायचाय का. माझी बोटं पुढे गेली होती, धाकट्या. शिंप्याची बोटं आहेत ती, कापड समोर आलं की आपोआप ते उलटून बघतात. मी हात मागे घेतला आणि पदराआड लपवावा तसा पाठीमागे धरला. बघायची गरज नाही, माझी गाठ मी ओळखते, असं ठणकावून सांगितलं. तेव्हा मला काही कळलं होतं का? नाही. पण बघितलं तर कळेल अशी भीती वाटली होती का? हो. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

ते बटण कोर्टानं आपल्याला परत दिलं, पोरीची आठवण म्हणून. तुझी बायको तिच्या भावाकडे निघून गेली, ती म्हणाली, मला बघवणार नाही, तुम्ही ठेवा. मी ते भिंगरीच्याच डब्यात ठेवलं. रोज दुकान उघडलं की कपाळाला लावायचे. नऊ वर्षं कपाळाला लावलं, पण उजेडात धरून एकदाही नीट बघितलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मूर्खपणा माझ्या डब्यात होता.

तीन आठवड्यांपूर्वी दुकानात एक मुलगी आली. मी आता जुन्या गल्लीत नाही, गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, पाटीवर फक्त कपडे दुरुस्ती लिहिलंय. तिनं मला ओळखायचं काही कारण नव्हतं. एकोणीस वर्षांची, बोलकी, पायात झिजलेले बूट. पाणी खात्यात मीटर वाचायची नोकरी लागली होती, पहाटे बाहेर पडावं लागतं, नवा कोट परवडत नाही, म्हणून वडलांचा आणला होता, लहान करून द्या म्हणाली. तिनं तो टेबलावर पसरला. निळा, जाड लोकरीचा. या वेळी माझे दोन्ही हात मोकळे होते आणि ते मागे घ्यायला काही निमित्त नव्हतं.

पुढे तपकिरी बटणं, चार भोकांची. तीन होती. चौथं गेलेलं, छातीखालचं, उजव्या बाजूचं, पोटाच्या जरा वर. मी पहिलं उलटं केलं. उलटे वेढे, चार, गाठ पोटात. दुसरं, तसंच. तिसरं, तसंच. मग आतला खिसा बाहेर काढला, तर तळाला करड्या दोऱ्याचं रफू, आणि तेही माझंच. मग सगळं आठवलं. आपला दातांचा डॉक्टर, त्याच्या खिशातली अवजारं अस्तर फाडायची, दर थंडीला तो कोट रफूला आणि बटणं पक्की करायला माझ्याकडे यायचा. डॉक्टर गेल्यावर त्याच्या बायकोनं कपडे जुन्या बाजारात दिले असणार. धारवाल्यानं तिथून घेतला. मी त्या माणसाचं कधी काही शिवलं नव्हतं हे खरं, पण कोट माझ्या हाताखालून गेला होता. कपडा मालक बदलतो, ही गोष्ट सगळ्या जगाला कळते, फक्त शिंप्याला कळत नाही. आम्ही कपडा गिऱ्हाइकाच्या नावानं लक्षात ठेवतो.

मी मुलीला बसवलं. चौथं बटण कधी तुटलं ते विचारलं, आवाज शक्य तेवढा साधा ठेवून. ती म्हणाली, मीच तोडलं, लहान होते, थंडी संपली म्हणून आईनं कोट धुवायला काढला होता, पिळताना हिसका दिला आणि तुटलं. आई ओरडली. बाबा म्हणाले, त्यात काय, मी शिंपीणबाईंकडून याच रंगाचा वीतभर दोरा घेऊन येतो, आणि रंग जुळवायला बटण खिशात टाकून गेले.  धाकट्या, तो शनिवारी माझ्याकडेच आला होता. माझं गिऱ्हाईक जायची वाट बघत समोर उभा होता, आणि रिकामं कशाला उभं राहायचं म्हणून भाजीवाल्याच्या सुऱ्या करत होता. वीतभर दोऱ्यासाठी.

मी डबा काढला. बटण खिडकीशी धरलं. गाठीत लोकरीची लव अडकली होती, निळी. हिरवी नाही, निळी. नऊ वर्षं ती तिथंच होती. मी मुलीला सांगितलं मी कोण आहे ते.  तिनं कोटाची घडी केली, पिशवीत घातला आणि गेली. वळण लावलेली पोर आहे, जाताना दार हळू लावून गेली.

पुढचे काही दिवस मी कुणाच्या शिव्या खायला मिळतील का म्हणून वाट बघत बसले. कुणी आलं नाही. मग मीच पत्ता काढून गेले, तुला पाहिजे तोच पत्ता. धारवाल्याच्या बायकोनं दार उघडलं, मला बघितलं. मी चौकटीला हात टेकून उभी होते, डावा. बटण मी उजव्या हाताच्या तळव्यावर पुढे केलं आणि म्हणाले, हे तुमचं आहे, तुम्ही खरं बोलत होतात. तिनं बटणाकडे बघितलं नाही. माझ्या चौकटीवरच्या बोटांकडे बघितलं आणि दार लावलं. जोरात. मग उघडलं, आणि पुन्हा लावलं. पहिल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा विचार करून. तीन बोटं मोडली. मी हात काढून घेतला नाही, हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, काढताच आला नाही. तिच्या मुलीनं नंतर मला आत बसवलं, फळ्यांच्या चिपा लावून हात बांधला. आई कोपऱ्यात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, चहात साखर किती. आता तू हे वाचून तिच्यावर दात धरशील, तर ते आधीच गिळ. तिच्या नवऱ्याच्या हाताचं आपण काय केलं होतं ते आठव आणि गिळ.

सोमवारी मी पोलिसांत गेले. बटणाचं, कोटाचं आणि इस्त्रीचंही लिहून दिलं. तिथला साहेब तरुण आहे, म्हणाला, काकू, प्रकरण मिटलंय, कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेता. मी म्हणाले, हात दिसतोय ना तुम्हाला, अवलक्षण होऊन गेलंय. त्यानं माझ्या पुढ्यात जुनी फाइल काढली. तिच्यात एक कागद होता, बसस्थानकावरच्या तिकीटवाल्याचा जबाब, तिसऱ्या दिवशीचा. तुला हा माहीत नसणार. आपल्या दारात आला होता, काहीतरी पाहिलंय म्हणत. तू तोवर कोठडीत होतास. मी त्याला हाकलून दिलं. म्हणाले, ज्यानं केलं तो मेलाय, आता बक्षिसाला टपलेली माणसं यायला लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आणि वर चोराच्या वाटेची खबर देणाऱ्यालाही पिटाळलं. 

तिकीटवाला आता जावयाच्या दुकानात बसतो. मी बुधवारी त्याला भेटले. त्यानं नऊ वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं तेच सांगितलं. पाच चाळीसची बस, एक मध्यम वयाची बाई, कडेवर लहान मुलगी, हिरवा स्वेटर. लक्षात का राहिलं, तर एवढ्या उन्हात पोरीचा स्वेटर गळ्यापर्यंत बंद होता. त्यानं बाईला म्हटलं होतं, अहो, पोर घामेजली आहे, बटणं काढा. बाई म्हणाली, काढू देत नाही. धाकट्या, गळ्यापर्यंत चारही बटणं. ती भिंगरीच होती, असं मी म्हणत नाही. ती चूक मी एकदा केली, पुन्हा करणार नाही. हिरवे स्वेटर ढिगानं असतात. एवढंच म्हणते की पाच चाळीसला ती बस सुटली आणि सहाला आपण सगळे, अख्खी गल्ली, पोलीससुद्धा, एका माणसाभोवती गोळा झालो होतो. साप म्हणून भुई धोपटत होतो. त्या बसच्या मागे कुणी गेलं नाही. नंतरही नाही.

तुझं काय होईल ते मला कळतंय. नऊ वर्षं तू एकाच फळीवर उभा आहेस की आपण मारलं तो माणूस तेवढ्याच लायकीचा होता. ती फळी मी काढून घेतेय, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नाही. एक बस आहे, ती कुठं गेली तेही आता कुणाला सांगता येत नाही. भिंगरी पुरलेली आहे असं धरून चालणं सोपं होतं. आता ती आहे की नाही हेच माहीत नाही, आणि असली तर साडेतेरा वर्षांची आहे, माझ्या खांद्याएवढी, आणि आपल्याला ओळखणार नाही. रात्री झोप लागत नाही मला. तुलाही लागणार नाही. तुला खोटं सांगून झोपवलं होतं मी, तेवढं पुरे झालं.

तर तुझ्या तीन मागण्या. फाटकाशी मी येणार नाही. बटण माझ्याकडे नाही, ते ज्या कोटाचं होतं त्याला परवा लावलं, उजव्या हातानं, म्हणून वेढे सुलटे पडलेत आणि काम गचाळ झालंय, पण पक्कं आहे. पत्ता देते, लिहून घे. जुन्या पाण्याच्या टाकीमागची चार मजली इमारत, तिसरा मजला, जिन्यासमोरचं दार, चौकटीवर डाव्या बाजूला रंग उडालाय. हे पत्र मी तिथूनच लिहितेय, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. धारवाल्याची बायको समोर बटाटे सोलतेय आणि चौदा तारखेचं तिला मी सांगितलंय. ती म्हणाली, येऊ दे, मला त्याला बघायचंय. तू येशील तेव्हा दार मीच उघडेन आणि या वेळी माझ्या हातात इस्त्री नसेल. तुला मारायचंच असेल तर आधी मला मारावं लागेल, मग तुला वाट मिळेल. नाहीतर पहार बाहेर ठेव, आत ये, कोट हातात घे आणि चारही बटणं उलटी करून बघ. ती बाई तुला जे काही म्हणेल ते खाली मान घालून ऐक, कितीही वेळ लागला तरी. मग आपण दोघं बसस्थानकावर जाऊ.

तुझीच,
त्या दारापाशी बसलेली,
ताई